उलट्या पाटावरची लाट

माझी लाट माझ्या आतेभावाने, दिनूने, चोरली. समुद्रातून मी त्याला बाहेर काढलं आणि अख्ख्या गावाला वाटलं की त्याने मला काढलं. अजूनही तसंच वाटतं. हे आधीच सांगून टाकते, कारण जन्मभर मी नारळ-सुपारीचा व्यापार केला आहे आणि माल झाकून भाव वाढवणाऱ्यांची मला चीड आहे. आता माल तुमच्यासमोर उघडा आहे. तो कसा, कुठला, हे सावकाश सांगते.

आमचं घर दिवेआगरला, वाडीत. पुढे नारळ, मागे सुपारी आणि सुपारीपलीकडे केवड्याचं बन. बनातली पायवाट संपली की वाळू लागायची. समुद्र घरातून दिसत नसे, पण ऐकू सतत यायचा. मला वाटतं, लहानपणी मी शांतता ऐकलीच नाही. सकाळी रहाट सुरू झाला की त्याची कुरकुर, त्यामागे समुद्राची गाज आणि या दोन्हींवर आईचा आवाज, "शालू, ऊठ, पानग्या निवताहेत." केळीच्या पानात भाजलेल्या त्या पानग्यांना पानाचा करपट वास यायचा. वर लोणी असायचं, पण लोण्याचा गोळा आधी अण्णांच्या ताटात, मग दिनूच्या, मग माझ्या. मी तेव्हापासून मोजमापाच्या बाबतीत चिडखोर आहे. आई म्हणायची, "ह्या मुलीला ताटातलं कमी आणि शेजारच्या ताटातलं जास्त दिसतं." तिचं म्हणणं बरोबरच होतं. गोळे लहानमोठेच असायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. वाडीतलं प्रत्येक झाड त्यांना ठाऊक होतं, घरातल्या माणसांकडे मात्र फारसं लक्ष नसे. आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, लग्नानंतर थोड्याच वर्षांत कपाळ पांढरं करून परत आली होती आणि तिच्याबरोबर दिनू आला होता. माझ्याहून तो थोडा मोठा. आत्या दिवसभर राबायची. तिला कुणी सांगत नसे, पण ती बसलेली मी पाहिली नाही. जेवायला बसली तरी एक पाय उभा, हाक आली की उठायला. दिनूने काही मोडलं, सांडलं, की अण्णा त्याला काही बोलत नसत, आत्याला बोलत. "सांभाळ त्याला. नाहीतर घाटावर पाठशाळेत ठेवून येतो. तिथे वळण लागेल." आत्याच्या हातातली वाटी तेव्हा खाली टेकायची आणि तशीच टेकलेली राहायची.

दिनू समुद्राचा होता. पोहायला गावात पुष्कळ जण शिकायचे, पण लाटेवर बसायचं खूळ त्याचंच. त्यासाठी तो जेवायचा पाट पळवायचा. जेवणाचा पाट कसा असतो ते हल्लीच्या टेबलवाल्यांना सांगावं लागेल. बसायला सपाट फळी आणि तिच्या खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, म्हणजे पाट जमिनीपासून बोटभर वर राहतो. दिनूने काय शोधलं, तर पाट उलटा करायचा. मग पट्ट्या वर येतात आणि हाताला पकड मिळते. उलट्या पाटावर छाती टेकायची, पुढची पट्टी धरायची, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मागून येणाऱ्या लाटेवर नजर ठेवायची आणि ती फुटायच्या बेतात आली की वाळूला पाय मारून झोकून द्यायचं. लाट त्याला उचलायची आणि तो वाळूपर्यंत असा यायचा, जसा घरंगळत आलेला नारळ. दुपारी पंगतीला एक पाट ओला असायचा. आई बोटाने चाखून बघायची. "पुन्हा खारट!"

मलाही ते हवं होतं. दिनूला मिळतं ते सगळंच मला हवं असायचं. उन्हाळ्यात, समुद्र मऊ असताना, त्याने मला शिकवलं. घोट्याएवढ्या लाटांवर मी पटाईत झाले. मग एकदा जरा मोठी आली. ती समोर उभी राहिली, तिचा हिरवा पोटाचा भाग मला दिसला आणि मी डोळे मिटून पाठ फिरवली. तिने मला उचलून वाळूवर आपटलं, फरफटवलं, परत आत ओढलं. वर कुठे, खाली कुठे, ते कळेना. कानात वाळू, नाकात वाळू. बाहेर आल्यावर दिनू हसला नाही. माझ्या केसांतली वाळू काढत म्हणाला, "पाठ दाखवलीस ना, म्हणून. लाट उभी राहिली की तिच्या पोटात शिरायचं. डोळे उघडे ठेवून. तिला पाठ दाखवली की ती दळून काढते."

"मला नाही जमायचं."

"जमेल गं. उद्या."

पण उद्या मी गेले ते वाळूवर बसायला. त्यानंतर गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझ्या पोटात गोळा यायचा. रात्री गाज ऐकू आली की अंथरुणात मी पाय पोटाशी घ्यायची. दिनू चिडवायचा, "शालूबाई, समुद्र माजघरात आला बघा!" मी त्याला चिमटे काढायची, पण त्याचं खोटं नव्हतं. मी घाबरत होते.

त्या वर्षी गणपती पाच दिवसांचा होता. भाद्रपदात आमचा समुद्र पावसाळ्यातलाच असतो, गढूळ आणि अंगावर येणारा. विसर्जनाला मूर्ती पाटावरून न्यायची, एकाने पाटासकट पाण्यात शिरायचं, मूर्ती सोडायची आणि पाटावर मूठभर वाळू घेऊन परत यायचं. ती वाळू घरात मखराच्या जागी ठेवतात. रिकामा पाट घरी आणत नाहीत. दरवर्षी अण्णाच पाण्यात जायचे. त्या वर्षी त्यांचा गुडघा सुजला होता. घरात दुसरं पुरुषमाणूस म्हणजे दिनू. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, मग आत्याकडे. "जाशील ना नीट?" दिनू नुसता मान हलवत राहिला. आत्याने पदर डोळ्यांना लावला. तिच्या मुलाला त्या घरात पहिल्यांदा काही काम सोपवलं गेलं होतं.

पाट चांगल्यातला, फणसाचा, पितळी खिळ्यांनी पट्ट्या ठोकलेला. एका पट्टीतला एक खिळा वर आला होता. आई कितीदा म्हणाली होती, "तो ठोकून घ्या, कुणाला लागेल," आणि अण्णा कितीदा म्हणाले होते, "घेतो."

विसर्जन नीट झालं. दिनू कमरेपर्यंत गेला, मूर्ती सोडली, पाट डोक्यावर धरून परत आला. आरती झाली. मंडळी वर उंडीच्या झाडांखाली खिरापतीला वळली. वाटलेली डाळ, खोबरं, पेढे. गॅसबत्ती पेटवायची खटपट चालली होती. अण्णा लंगडत पुढे झाले आणि म्हणाले, "दिनू, वाळू घेऊन ये." मी त्याच्याजवळ थांबले. संध्याकाळ होती, पण उजेड होता. दिनूने लाटांकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, आणि मला कळलं.

"दिनू, नको. अण्णा..."

"एकच. ह्या लाटेवर हा पाट कसा जाईल बघ तरी! गणपतीपण बसला होता यावर, बुडवेल का तो?"

आणि तो गेला. फार छान वाटलं असणार त्याला. अख्खा दिवस घराने त्याला मोठं मानलं होतं. पण तो जिथे शिरला तिथे ओहळाचं पाणी समुद्राला मिळतं आणि भाद्रपदात तिथे आत ओढ असते. त्याला एकही लाट घेता आली नाही. पहिलीनेच पाट हातातून हिसकला आणि पुढच्या वेळी त्याचं डोकं दिसलं ते बरंच आत, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे. हात वर आला, खाली गेला. पाट मात्र लाटेबरोबर वाहत माझ्या पायांशी आला.

मी ओरडले. झाडांखाली झांजा चालल्या होत्या, कुणाला ऐकू जाणार? किनाऱ्यावर दूर हिराबाई होती, कोळीण, तिसऱ्या-शिंपल्या वेचणारी. ती धावत निघालेली मला दिसली, पण वाळूत धावणारी म्हातारी बाई ती. मी परकराचा काष्टा मारला आणि पाट उचलला.

लोक विचारतात, भीती कशी घालवावी. व्यापारात नवी आलेली मुलं विचारतात, बाई, तुम्हाला कुणाची भीतीच वाटत नाही का. मी त्यांना सांगते, वाटते, भरपूर वाटते. त्या दिवशीही गेली नव्हती. पोटातला गोळा तसाच होता आणि मी तो गोळा घेऊन चालत होते. पहिली मोठी लाट समोर उभी राहिली. तोच हिरवा पोटाचा भाग, वर फेसाची कड. माझी मान आपोआप मागे वळायला लागली. मी ती वळू दिली नाही. 'डोळे उघडे,' असं दिनू माझ्या कानात ओरडल्यासारखं वाटलं आणि मी पट्टी घट्ट धरून तिच्या पोटात शिरले. आत हिरवं होतं आणि आवाज एकदम बंद झाला. मग मी दुसऱ्या बाजूला होते, डोक्यावर आभाळ होतं आणि मागे ती फुटत होती, माझ्याशिवाय. फणसाचं लाकूड जड, उसळून हातातून सुटत नाही, खाली दाबलं की खाली येतं. दुसरी आली तेव्हा मला तिचा राग आला. माझा राग तसा प्रसिद्ध आहे. त्या दिवशी तो उपयोगी पडला. तिसरीच्या वेळी मी तिची वाट बघत होते.

दिनूपाशी पोचले तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. त्याने माझ्या गळ्याला मिठी मारायला बघितलं. मी त्याच्या तोंडावर पाट ढकलला. "पट्टी धर! मला नको, पट्टी धर!" त्याने पुढची पट्टी धरली आणि कपाळ त्यावर टेकलं. मी मागच्या पट्टीवर बरगड्या टेकवून पाय मारत राहिले, ओढीच्या बाजूबाजूने, ओहळापासून लांब. आणि मग मागे बघितलं तर ती येत होती. तेवढी मोठी लाट मी नंतर जन्मात जवळून पाहिली नाही. तिच्या आधी जायचं नव्हतं, तिच्या मागे राहायचं नव्हतं. मी ती अगदी जवळ येऊ दिली आणि पाय झाडले.

तिने आम्हाला वर उचललं. वरून मला सगळं दिसलं. केवड्याचं बन, त्यामागे आमच्या नारळांचे शेंडे, उंडीखाली नुकती पेटलेली गॅसबत्ती आणि तिच्याभोवती बारकी बारकी माणसं. आत्या खिरापत वाटत होती, तिचं पांढरं लुगडं मी ओळखलं. पोटातला गोळा कुठे गेला होता देव जाणे. मला हसू येत होतं. मी तेरा-चौदा वर्षांची पोर, उलट्या पाटावर, माझ्या घरापेक्षा उंच. मग लाट फुटली आणि आम्ही फेसातून वाळूवर येऊन पडलो.

मी पालथी पडून खारं पाणी ओकत होते. दिनू उठला, पडला, पुन्हा उठला. आणि पहिलं काय केलं त्याने? पाट सुलट केला आणि मूठभर वाळू त्यावर ठेवली. अण्णांनी सांगितलेलं काम. निम्मी वाळू सांडली, ती त्याने पुन्हा गोळा केली. तेवढ्यात हिराबाईच्या ओरडण्याने मंडळी धावत आली. त्यांना काय दिसलं? मुलगा उभा आहे, हातात पाट, पाटावर वाळू. मुलगी वाळूत पडली आहे.

अण्णांनी मला हाताला धरून उठवलं. "पाण्यात गेलीस? कुणाला विचारून?" मग दिनूकडे वळून, आवाज उतरवून, "तू काढलंस हिला?"

दिनूने आत्याकडे पाहिलं. मी दिनूकडे पाहिलं.

"हो, मामा," तो म्हणाला.

हिराबाई धापा टाकत पोचली. "अवो अण्णा, काय इचारताव त्याला? पोरीनं वढून आनलाय पोराला. मी बघितलंय की!"

"हिराबाई, तुझी नजर आता तिसऱ्यांपुरतीच राहिलीय," अण्णा म्हणाले आणि लोक हसले.

"व्हय, माजी नजर गेली, आनि तुमची कंदी आलीच न्हाय!" ती फणकारली आणि टोपली उचलून चालती झाली. त्यावरही लोक हसले.

मी तोंड उघडलं होतं. पण आत्या दिनूला पोटाशी धरून उभी होती आणि अण्णांचा हात त्याच्या पाठीवर होता. तो हात तिथे मी कधी पाहिला नव्हता. आता मी बोलले तर उद्या दिनू घाटावर जाईल आणि आत्या पुन्हा वाटी खाली टेकवून बसेल, हे मला स्वच्छ दिसलं. मी तोंड मिटलं. दातांत वाळू कचकचली.

रात्री न्हाणीघरात आईने मला गरम पाणी घातलं. पाठ चोळता चोळता तिचा हात पुढे आला आणि थांबला. माझ्या बरगड्यांवर पट्टीचा आडवा काळानिळा वळ उठला होता, खिळ्यांच्या ठिपक्यांसकट, आणि त्या वर आलेल्या खिळ्याने एका जागी कातडं फाडलं होतं. आईने त्यावर बोट ठेवलं. "पाटावर तू होतीस," ती म्हणाली. मी केस पिळत राहिले. "हं. केस पूस," ती म्हणाली आणि जखमेवर हळद दाबली. दुसऱ्या दिवशी बायकांच्या पंगतीत तिने तो पाट माझ्यासाठी मांडला. अण्णा जाता जाता म्हणाले, "तो पाहुण्यांचा पाट तिला कशाला?" आई म्हणाली, "बाकीचे ओले आहेत." बाकीचे सगळे कोरडे होते. त्या दिवसापासून मी त्याच पाटावर जेवले आणि तो खिळा आईने कधी ठोकू दिला नाही.

तो पाट काखेत घेऊन दिनूला मी रहाटामागे गाठलं. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा. मी म्हटलं, "मी गप्प बसते. तू तुझ्या पायावर उभा राहिलास, की सगळ्यांसमोर खरं सांगायचं. अण्णांसमोरसुद्धा."

"सांगीन."

"असं नाही. पाटावर हात ठेवून."

त्याने पाटावर हात ठेवला. रडत होता तो. "शालू, मी घाबरलो होतो गं. पाण्यात नाही एवढा, बाहेर आल्यावर." मला ते पटलं. आजही पटतं. चौदा-पंधरा वर्षांच्या, बाप नसलेल्या मुलाने आईचं तोंड बघून 'हो' म्हटलं, त्याबद्दल मी त्याला कधी दोष दिला नाही. माझी तक्रार त्या संध्याकाळची नाहीच. ती पुढची आहे.

कारण मला समुद्र बंद झाला. बनातल्या पायवाटेवर अण्णांनी काटेरी झाप टाकला. मला बघायला पाहुणे आले तेव्हा अण्णांनी कौतुकाने सांगितलं, "ही अशी धांदरट, बुडत होती, आमच्या दिनूने काढली." दिनू तेव्हा मुंबईत कारकून झाला होता, स्वतःच्या पगारावर होता, आणि पाहुण्यांना सरबत देत होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने सरबत ढवळलं. अण्णा गेले, तेव्हा तो खांदा द्यायला आला आणि दहाव्याला बोलला नाही. आत्या गेली. तिला धक्का बसेल ही सबब तिच्याबरोबर गेली. पुढे मी सुपारीच्या एका पोत्यापासून सुरुवात केली, बाजारात पुरुषांच्या गर्दीत भाव ठरवले, ओरडले, भांडले, गोदाम उभं केलं, आणि तरी प्रत्येक लग्नात कुणीतरी म्हणायचंच, "हिला दिनूने वाचवलं हो लहानपणी." दिनू हसून मान खाली घालायचा. लोकांना तो विनय वाटायचा.

त्याने चोरलं ते श्रेय असतं तर मी सोडून दिलं असतं. श्रेयाला बाजारात भाव नाही. पण लाटेच्या वरून मला जे दिसलं, ते शेंडे, ती बत्ती, ते हसू, ते मला कुणालाच सांगता आलं नाही. बुडणाऱ्या मुलीला काय दिसणार? नवऱ्याला नाही, मुलांना नाही. हल्ली आमच्या किनाऱ्यावर रंगीत फळ्या घेऊन पोरं येतात, लाटेवर उभी राहतात. परवा त्यांच्यातली एक मुलगी मोठी लाट बघून परत फिरली आणि वाळूत रडत बसली. मी काठी टेकत तिच्यापाशी गेले आणि म्हटलं, "पाठ दाखवू नकोस. पोटात शीर. डोळे उघडे." तिने विचारलं, "आजी, तुम्हाला काय माहीत?" आणि माझ्याकडे उत्तर असून मला ते देता आलं नाही, कारण शेजारी उभ्या माझ्या सुनेने तेवढ्यात सांगून टाकलं, "आईंना लहानपणी बुडताना वाचवलं होतं."

गेल्या आठवड्यात दिनूच्या मुलाचा फोन आला. पुण्यात दिनूचं सहस्रचंद्रदर्शन आहे. "आत्या, तुम्ही दोन शब्द बोलाच. बाबांनी तुम्हाला समुद्रातून काढलं तो प्रसंग तुमच्याच तोंडून ऐकायचाय सगळ्यांना." मी म्हटलं, येते.

तर दिनू, मी येते आहे. वादळाने वाडी झोपवली, घराची कौलं उडाली, पण तो पाट राहिला आहे, खिळ्यासकट. तो मी गाडीत घालून आणणार आहे. तुला ओवाळायला बसवतील तेव्हा दुसऱ्या कुठल्या पाटावर तुला बसू देणार नाही. अण्णा नाहीत, आत्या नाही, घाटावर तुला कुणी पाठवणार नाही. माझ्या हातात ध्वनिक्षेपक देतील, तो मी तुझ्यापुढे धरीन. पाटावर हात ठेव आणि सगळ्यांसमोर सांग, त्या संध्याकाळी लाटेवर कोण होतं?